माझ्या बाजूची दोन चाकं

आमच्या ह्यांचा जगात कशावर विश्वास असेल तर तो छापलेल्या अक्षरावर. अडतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली, त्याचा हा परिणाम. औषधाच्या बाटलीबरोबर घडी घातलेला कागद येतो ना, तो अख्खा वाचणारा माणूस मी हा एकच पाहिला. वाचून झाल्यावर त्यातल्या चुकांना लाल पेन्सिलने गोलही करतात. मी जन्मभर शिवणकाम केलं. माझा विश्वास टेपवर, आणि टेपपेक्षाही हातावर. कापड हातात घेतलं की सांगते, कुठे दाटेल आणि कुठे ढगळ होईल. असा आमचा संसार बेचाळीस वर्षं टिकला. कसा, ते मला विचारू नका.

त्यात वादाला नवीन विषय मिळाला तो गाडीच्या हवेचा.

गाडी आमची छोटी आणि जुनी. पावर स्टेअरिंग वगैरे लाड तिला नाहीत, वळवायची तर मनगटात जोर लागतो. गेल्या वर्षी तिला चार नवीन टायर घातले. त्या संध्याकाळी हे भिंग घेऊन अंगणात टायरसमोर उकिडवे बसले. टायरच्या कडेला बारीक उठावाची अक्षरं असतात, ती वाचायला.

"चव्वेचाळीस!" हे तिथूनच ओरडले. "अगं, कंपनीने स्वतः छापलंय. चव्वेचाळीस हवा! आणि आपण इतकी वर्षं मामा भरतील तेवढी भरून घेत होतो."

मामा म्हणजे दोन गल्ल्या सोडून पंक्चरचं दुकान आहे, ते चालवणारे. वयाने आमच्यापेक्षा लहान, पण सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते. त्या दिवसापासून दर शनिवारी संध्याकाळी हे गाडी घेऊन मामांकडे जायचे आणि चारही चाकांत चाळीस हवा भरून आणायचे.

"चव्वेचाळीस छापलंय ना? मग चाळीसच का?" मी विचारलं.

"चार मी तुझ्या कमरेसाठी सोडली," असं म्हणाले, आणि वर मी आभार मानीन म्हणून थांबलेही.

माझ्या कमरेतले दोन मणके एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांची समजूत घालायला मी आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जाते. ती मुलगी अर्धा तास खपून कंबर मोकळी करायची आणि घरी येईपर्यंत गाडी ती पुन्हा आवळून ठेवायची. चाळीस हवेची ती चाकं म्हणजे दगड. रस्त्यात कोणाची पेन्सिल पडलेली असती तरी ती टोक केलेली होती की नाही, हे माझ्या कमरेने सांगितलं असतं. आणि तक्रार केली की व्याख्यान. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"थोडी कमी करा हो हवा."

"छापलेलं खोटं असतं का?"

"छापलेल्यात चुका असतात म्हणूनच तर तुम्हाला पगार मिळत होता ना?"

"म्हणूनच सांगतो. मी दोनदा वाचलंय. ह्यात चूक नाही."

आता मला सांगा, अशा माणसाशी सरळ मार्गाने कसं वागायचं?

हे रविवारी सकाळी आंघोळीला गेले की वीस मिनिटं बाहेर येत नाहीत. मी क्रोशाची सुई घेतली, अंगणात गेले, माझ्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी कशीबशी वाकले, हवा भरायच्या वालचं टोपण काढलं आणि सुईच्या बोथट टोकाने मधली पिन दाबली. फुस्स! कोणी इतक्या मनापासून माझी बाजू घेतलेली मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. मनात आकडे मोजले, थांबले, सीटवर बसून जरा उसळून बघितलं, पुन्हा थोडी सोडली. मग मागचं चाक. शिवताना मापात किती सैल सोडायचं हे हाताला कळतं, तसंच हे.

त्यांच्या बाजूच्या दोन चाकांना मी हात लावला नाही. त्यांना चाळीस हवी ना? बसू देत त्यांना चाळिशीवर. मी न्यायाने वागणारी बाई आहे.

त्या दिवशी लेकीकडून परत येताना मी गाडीत चक्क झोपले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

मग तो नेमच झाला. हे शनिवारी संध्याकाळी भरायचे, मी रविवारी सकाळी सोडायची. पुढच्या शनिवारी हे मामांकडे जाऊन म्हणायचे, "ह्या बाजूची दोन उतरतात बघा." मामांनी चाकं काढली, टबात बुडवली, एक बुडबुडा आला नाही. वाल बदलले. पुन्हा उतरली. पुन्हा वाल बदलले. मी शेजारच्या बाकावर बसून क्रोशाचा रुमाल विणत होते. हो, त्याच सुईने.

इथवर सगळी गंमत होती. गोष्ट बिघडली ती लेकीमुळे.

आमची एकुलती एक लेक विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्या तपासते. चेपलेल्या पत्र्यावर नुसता हात फिरवून ती सांगते, चूक कोणाची आणि खोटं कोण बोलतंय. आम्ही तिला इन्स्पेक्टर म्हणतो, अर्थात तिच्या माघारी. दर रविवारी तिच्याकडे जेवायला जातो. तर दोन महिन्यांपूर्वी तिच्या इमारतीच्या फाटकाचा खांब गाडीला घासला. माझ्या बाजूने. ती खाली आली, वाकली, ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"बाबा, गाडी आईच्या बाजूला का गेली?"

"खांब जरा पुढे आलाय," हे म्हणाले.

खांब तिथे पंधरा वर्षं उभा आहे.

पुढच्या रविवारी आम्ही परत निघालो तेव्हा ती मुद्दाम मागच्या सीटवर बसून आमच्या घरापर्यंत आली. रस्ता सरळ, पण गाडी हळूहळू माझ्या बाजूला सरकायची. हे ओढून परत आणायचे. पुन्हा सरकायची, पुन्हा ओढायचे. कमी हवेच्या बाजूला गाडी ओढते, ही साधी गोष्ट. पण मला तेव्हा ती ठाऊक नव्हती, आणि जिला ठाऊक होती तिच्या डोक्यात आली नाही. तिने शनिवारी संध्याकाळी, हवा भरल्या भरल्या, चाकांची अलाइनमेंट तपासून घ्यायला लावली. सगळं सरळ निघालं.

"आणि हवा?" तिने विचारलं.

"दर शनिवारी. चारही चाकांत चाळीस," हे छाती काढून म्हणाले.

झालं, तिने पुढे विचारलंच नाही. लोकांच्या शंभर गाड्यांना मीटर लावून बघणारी मुलगी, पण बापाच्या शनिवारच्या हवेवर शंका घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गाडीत दोष नाही म्हटल्यावर उरलं कोण? चालवणारा. त्यातच ह्यांचं मनगट काही महिने दुखत होतं. रोज संध्याकाळी मी त्यावर मलम चोळायची, पट्टी बांधायची आणि "आता वय झालं हो तुमचं" हे वाक्य फुकटात ऐकवायची. इन्स्पेक्टरने ती पट्टी पाहिली आणि तिचा अहवाल पूर्ण झाला.

"बाबा, तुमच्या हातात आता जोर राहिला नाही. रागावू नका. पण मी रोज काय काय बघते ते तुम्हाला माहीत नाही."

हे रागावले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त पट्टी बाहीखाली सरकवली.

ठरलं ते असं. पुढच्या शनिवारी सकाळी आठ वाजता शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर हे गाडी चालवतील आणि ती मागे बसेल. गाडी आपल्या पट्ट्यात सरळ राहिली तर ठीक. नाहीतर चावी तिच्या पर्समध्ये, कायमची.

चावी म्हणजे काय, ते सांगते. दर गुरुवारी हे गाडी घेऊन बारा किलोमीटरवर त्यांच्या छापखान्यातल्या दोस्ताकडे जातात. तो कंपोझिटर होता. त्याने अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि ह्यांनी त्याच्या चुका काढायच्या, अशी अडतीस वर्षं. आता तो अंथरुणावर आहे. तिकडे बस जात नाही. हे पेपर घेऊन जातात, मोठ्याने वाचतात आणि दोघं मिळून त्यातल्या छपाईच्या चुका शोधतात. जास्त सापडल्या की घरी येताना शीळ घालत येतात. चावी गेली की गुरुवार गेला. लेक म्हणाली, मी सोडत जाईन. पण तिला गुरुवारी कुठली रजा? आणि तिने सोडलं, तिने उचललं, की मग हे कोणाकडे पेपर घेऊन गेलेले नसतात, कोणीतरी त्यांना पोचवलेलं असतं.

मला तिथेच बोलायला हवं होतं. गाडी सरकते त्यात आपला काही हात असेल का, अशी पाल मनात चुकचुकली होती. पण मग मला मरेपर्यंत छापील अक्षराच्या महतीवर व्याख्यान मिळालं असतं. आणि वर्षभर चाकांशी कारस्थान करणारी बाई असं माझं नाव झालं असतं, ते वेगळंच. चोराच्या मनात चांदणं. मी सुई पर्समध्ये अगदी तळाशी टाकली आणि गप्प बसले. ह्याची लाज मला अजून वाटते.

शुक्रवारी दुपारी भाजीची पिशवी घेऊन चालत मामांच्या दुकानात गेले. ते एका चाकातून खिळा काढत बसले होते.

"काय मामा, बरं आहे ना? उकडतंय नाही आज?"

"बसा काकू." त्यांनी बाकावरचा पाना बाजूला केला.

मी हवामानावर बोलले, रस्त्यांवर बोलले, मग म्हटलं, "माझ्या एका मैत्रिणीची गाडी आहे हो. तिची समजा दोन चाकं एका बाजूला..."

"काकू," मामा खिळ्यावरून नजर न काढता म्हणाले, "ताकाला येऊन भांडं कशाला लपवताय? तुमच्या बाजूचे वाल मी दोनदा बदलले. पंक्चर असं असतं का, जे बरोबर दोन्ही चाकांना सारखं होतं आणि नेमकं रविवारी होतं?"

माझे कान गरम झाले. पण एकदा उघडे पडल्यावर माणसाला एक प्रकारचं मोकळं वाटतं. मी सगळं सांगून टाकलं. परीक्षेचंसुद्धा. मामांनी खिळा डब्यात टाकला.

"मग ओढणारच की गाडी. एका बाजूला चाळीस आणि एका बाजूला कमी. काकांच्या हाताचा काय दोष?"

मी भाजीची पिशवी खाली ठेवली.

"पण मामा, टायरवर चव्वेचाळीस छापलंय म्हणतात."

"छापलंय ना. ती टायरची हद्द आहे. ह्याच्या वर भरू नका, एवढाच त्याचा अर्थ. पोटात सहा पोळ्या मावतात म्हणून रोज सहा खायच्या असतात का? टायर कुठल्याही गाडीला लागतो. गाडीला किती हवी ते गाडीवर लिहिलेलं असतं. ड्रायव्हरचं दार उघडलं की उभी पट्टी दिसते बघा चौकटीची, तिथे चिकटवलेलं असतं."

"आमच्या गाडीवर नाही."

"असतंच. काकांना मी वर्षभर सांगतोय. ते म्हणतात, टायर माझ्याशी बोललाय."

मग त्यांनी गल्ल्यामागच्या खणातून हवा मोजायचं छोटं मीटर काढून माझ्या पिशवीत टाकलं. "सकाळी मोजा. गाडी हलवायच्या आधी. चाकं तापली की तीन-चार जास्त दाखवतात. आणि मीटर परत आणून द्या हं. तुमच्या मैत्रिणीला सांगा."

शनिवारी सहाला हे उठून चहा घेऊन आंघोळीला गेले, आणि मी अंगणात. ड्रायव्हरचं दार उघडलं. चौकटीवर ह्यांच्या चिठ्ठ्या होत्या. तेल कधी बदललं, वायपर कधी, बॅटरीत पाणी कधी, सगळं नेटक्या अक्षरात लिहून एकावर एक चिकटवलेलं. एका चिठ्ठीवर 'बॅटरी'तली वेलांटी ऱ्हस्व पडली होती, ती स्वतःच लाल पेन्सिलने दीर्घ केलेली. मी नखाने एकेक सोलत गेले. सात थर निघाले, आणि सातव्याखाली कंपनीचं स्टिकर. छापलेलं. पुढची चाकं तेहेतीस, मागची तेहेतीस. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि कळशावर ह्यांनी स्वतःच्या हाताने कागद चिकटवलेले.

मग मी माझ्या बाजूच्या चाकांना मीटर लावलं. पुढचं तेहेतीस. मागचं बत्तीस आणि वर थोडं.

मी तिथेच गाडीला टेकून हसले. सांगते ना, हाताला कळतं! मीटर नाही, भिंग नाही, एक क्रोशाची सुई आणि दुखरी कंबर, आणि वर्षभर मी बरोबर होते. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

आता काम सोपं होतं. त्यांच्या बाजूची दोन्ही चाकं चाळिसावर होती, ती सुईने तेहेतिसावर आणली. मीटर, सुई, चिठ्ठ्या, सगळं पर्समध्ये. चारही चाकं सारखी. गाडी आता सुतासारखी सरळ जाणार, लेक गप्प बसणार, चावी राहणार, आणि माझं कारस्थान माझ्याबरोबरच जाणार. हे आंघोळ करून भांग पाडून बाहेर आले तेव्हा मी साळसूद चेहऱ्याने दाराशी उभी होते.

आठ वाजता लेक आली. मागे बसली, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. हे पट्टा लावून दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसले होते. नवीन शर्ट घातला होता, आणि परीक्षेच्या धास्तीत दाराच्या उघड्या चौकटीकडे त्यांचं लक्षही गेलं नव्हतं. परीक्षेला बसलेल्या मुलासारखे दिसत होते आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली.

शहर संपलं. रस्ता सरळ झाला.

आणि गाडी सरकली. माझ्या बाजूला नव्हे. त्यांच्या बाजूला. रस्त्याच्या मधोमध.

समोरून येणाऱ्या टेम्पोने हॉर्न दिला. हे दचकले, गाडी आत घेतली. पुन्हा सरळ झाली, आणि पुन्हा हळूहळू मधल्या रेघेकडे. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वर्षभर ते स्टेअरिंग आपल्याकडे ओढून धरत होते. हाताला तीच सवय. आज ओढ नव्हती, पण हात ओढतच होते. करायला गेले एक आणि झालं भलतंच. दुसरा हॉर्न वाजला.

"बाबा, बाजूला घ्या," लेक म्हणाली. आवाजात दरारा नव्हता. रडू होतं.

ह्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. चावी काढली. एक क्षण तिच्याकडे बघितलं आणि खांद्यावरून मागे धरली.

"घे. हात दाखवून अवलक्षण झालं," हे म्हणाले. "गुरुवारचं त्याला मी फोनवर सांगतो."

लेकीने हात पुढे केला. मी मध्येच ह्यांचं मनगट धरलं.

"थांबा! चावी नका देऊ. मी हवा सोडते."

"काय?" लेक म्हणाली.

मी पर्सच्या तळातून सुई काढली आणि सगळं ओकले. रविवारची आंघोळ, टोपणं, पिन, मामांचे दोन वाल, सकाळची त्यांच्या बाजूची दोन चाकं. पुराव्याला मीटर. पुराव्याला सात चिठ्ठ्या. बोलता बोलता माझा आवाज चढला, कारण मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. "त्यांच्या हाताला काही झालेलं नाही. वर्षभर माझ्या चाकांनी गाडी ओढली आणि ते सरळ धरत होते. आज मी ओढ काढून टाकली आणि त्यांना सांगितलं नाही. नापास करायचं तर मला कर."

इन्स्पेक्टरचं तोंड उघडं राहिलं. असली केस तिच्याकडे कधी आली नसावी.

"आई, तुला कळतंय का, चालत्या गाडीची हवा अशी... वर्षभर? आणि बाबा, तुम्हाला कधी शंकासुद्धा आली नाही?"

हे समोरच्या काचेतून बघत होते.

"मला माहीत होतं," हे म्हणाले.

आता माझं तोंड उघडं राहिलं.

"काय माहीत होतं?"

"पहिल्या रविवारपासून. तू गाडीत झोपलीस ना त्या दिवशी." हे अजूनही समोरच बघत होते. "टायर नवीन घातल्यापासून तू दाराची मूठ घट्ट धरून बसायचीस. त्या दिवशी मूठ सोडून झोपलीस. म्हटलं, काहीतरी बदललंय. घरी येऊन बघितलं तर तुझ्या बाजूच्या वालच्या टोपणात लोकरीचा धागा. जांभळा."

जांभळा रुमाल मी तेव्हा विणत होते.

"मग बोलला का नाहीत?"

"तू मागितलीस तेव्हा मी नाही म्हटलं होतं. मग कोणत्या तोंडाने विचारू?"

"आणि मग दर शनिवारी पुन्हा चाळीस कशाला भरत होतात?"

"भरली नसती तर तुला कळलं असतं की मला कळलंय. मग तू सोडणं बंद केलं असतंस." मोकळ्या हाताने हे स्टेअरिंगवरची धूळ पुसायला लागले. "आणि छापलं होतं ना चव्वेचाळीस. एकदम तेहेतीस कसं भरणार? पुरावा नव्हता."

लेकीने कपाळाला हात लावला. "तुम्ही दोघं ना... आणि मी हात अधू झाला म्हणाले तेव्हा तरी सांगायचं!"

"तुला सांगितलं असतं तर तू तिची सुई काढून घेतली असतीस. वाटलं, गाडी सरळ धरून ठेवता येईल. इतके दिवस ठेवली होती."

त्यांचं मनगट अजून माझ्या हातात होतं. पट्टी मीच बांधलेली होती. काल संध्याकाळी, "वय झालं हो तुमचं" म्हणत. मी पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं.

लेकीने वही मिटली. खाली उतरून चारही चाकं बघून आली, दार उघडून ते स्टिकर वाचलं, आणि मग आम्हा दोघांना जे झापलं ते मी इथे लिहीत नाही. चूक तिची नव्हती. गाडीत तीन माणसं, आणि खरं बोलणारी तेवढी एकच. शेवटी म्हणाली, "बाबा, आता गाडी कुठेच ओढत नाहीये. तुम्हीही ओढू नका. हात नुसते ठेवा. चला, पुन्हा एकदा."

ह्यांनी चावी लावली. पहिले दोनशे मीटर हात ऐकत नव्हते. "ओढताय," मी म्हटलं. "ओढताय बघा." मग त्यांचे खांदे जरा खाली आले. बोटं सैल झाली. गाडी आपल्या पट्ट्याच्या मधोमध सरळ जायला लागली. एक किलोमीटर गेली, चार गेली, दहा गेली. खड्डा आला तो मला कळला, पण कमरेला कळला नाही. आरशात बघितलं तर लेक खिडकीबाहेर बघत डोळे पुसत होती.

घराशी उतरल्यावर तिने चावी ह्यांच्या हातात ठेवली आणि माझ्यासमोर हात पसरला.

"सुई."

"अगं, विणकामाची आहे ती."

"आई. सुई."

दिली. तिने ती पर्समध्ये टाकली, चेन लावली आणि निघून गेली. संध्याकाळी हे मामांकडे गेले नाहीत. लाल पेन्सिल घेऊन अंगणात गेले आणि एक नवीन चिठ्ठी लिहून चौकटीवर चिकटवली, स्टिकरच्या खाली, त्याला जराही न झाकता. मी जाऊन वाचली. 'तेहेतीस. चारही चाकं. सकाळी, गाडी थंड असताना. जुन्या आकड्यात चूक होती, ती सौ.ने काढली.' आणि प्रुफावर मारायचे तसा खाली 'तपासले'चा शिक्का. तो त्यांनी कुठे जपून ठेवला होता कोण जाणे.

मनगट आता दुखत नाही, असं हे म्हणतात. गुरुवारी बारा किलोमीटर जातात, बारा येतात, शीळ घालत. मी मात्र रोज संध्याकाळी मलम घेऊन बसते आणि हात पुढे करा म्हणते. "दुखत नाही गं," म्हणतात, आणि हात पुढे करतात. वय झालं हो तुमचं, हे वाक्य मी बंद केलं आहे.

घरात माझ्याकडे क्रोशाच्या आणखी अकरा सुया आहेत. हे ह्यांना माहीत आहे. इन्स्पेक्टरला आम्ही दोघांनीही सांगितलेलं नाही.